वारा कोळशाला, लोखंडाला नव्हे

येळवस म्हटलं की आमच्या मादन हिप्परग्यात घराला कुलूप आणि शेताला जाग. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्या, कन्नड शेजाऱ्यांची एळ्ळ अमावस्या, आमची येळवस. नावं वेगळी असली तरी शेतातल्या कडब्याच्या कोपीपुढे मांडलेली भज्जी, आंबील आणि उंडे एकच. गेल्या येळवशीला भज्जीची भाजी चिरायला आम्ही सगळ्या बायका बसलो होतो. तेवढ्यात पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्यानं पिशवीतून एक खोकं काढलं आणि मोठ्या ऐटीत एक सुरी पुढे केली.

पात्यावर नागमोडी रेघा होत्या. ओढ्याच्या पाण्यावर वारा आला की उमटतात ना, तशा. "आत्या, दमास्कस स्टील आहे. सदुसष्ट थर. साडेतीन हजार पडले." मी हातात घेतली. दिसायला देखणी होती. गाजरं झाली, भोपळा झाला, आणि वालाच्या शेंगांपाशी सुरी चिरायची सोडून चेपायला लागली. वहिनीनं काही न बोलता आपली विळी पुढे ओढली.

भाचा खट्टू झाला. मी म्हटलं, चल, तात्यांकडे जाऊन धार लावून आणू.

तात्या म्हणजे आमच्या गावचे लोहार. वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या वडिलांनी आमच्या आजोबांच्या कुळवाच्या फासा शेवटल्या आणि बलुतं नेलं. तात्यांच्या हयातीत बलुतं संपलं, रोख आली. आता त्यांच्याकडे कोयते, विळे, खुरपी आणि ट्रॅक्टरच्या अवजारांची डागडुजी असते. सुरी त्यांनी उलटसुलट केली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, "बाळा, ही नक्षी वरून काढलीय. पोटात न्हाई."

भाच्याला ते पटेना. तात्यांनी पात्याच्या पाठीकडे बोट दाखवलं. थर खरेच असतील तर ते पुस्तकाच्या पानांसारखे पाठीवरही दिसायला हवेत. पाठ कोरी होती. भाचा मात्र वाचून आलेला. तो म्हणाला, पाठ घासून गुळगुळीत केली की रेघा जातात, त्या आम्लात बुडवल्यावर परत येतात. बरोबरच आहे ते. मग दुसऱ्या दिवशी त्यानं आळंदच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून फेरिक क्लोराइड आणलं. सर्किट बोर्डावरचं तांबं खायला वापरतात ते. तात्यांनी पात्याचा बोटभर भाग घासला, भाच्यानं त्यावर द्राव लावला आणि आम्ही वाट बघत बसलो. रेघा काही परत आल्या नाहीत. उरलेल्या पात्यावर नागमोडी नक्षी आणि मधे एक टक्कल.

साडेतीन हजारांचा विषय तिथं संपला असता. पण तात्या उठले, कोपऱ्यातल्या ढिगातून एक जुनं कुऱ्हाडीचं पान काढलं, त्याची कड घासली आणि तोच द्राव तिच्यावर लावायला सांगितलं. अर्ध्या मिनिटात धारेकडचा भाग काळा झाला आणि मागचा करडा राहिला. दोन्हींच्या मधे एक बारीक, थोडी वाकडीतिकडी रेघ उमटली.

"हे माझ्या बापाचं काम. मागं लोखंड, पुढं पोलाद. हे खरे थर."

इथून पुढचे तीन दिवस आम्ही तिघं त्यांच्या भट्टीपाशी होतो. तिघं म्हणजे मी, भाचा आणि तात्या. खरं तर चौघं होतो, पण ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगते. लोखंडाचे दोन तुकडे जोडायचे तर आज आपण वेल्डिंगवाल्याकडे जातो. तो विजेच्या ठिणगीनं कडा वितळवतो आणि वर कांडीचा धातू भरतो. भट्टीतला सांधा वेगळा. त्यात काहीच वितळवायचं नसतं. दोन स्वच्छ तुकडे एकमेकांवर ठेवायचे, जवळजवळ १२०० अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे पिवळेधमक होईपर्यंत तापवायचे आणि हातोड्यानं दाबायचे. दोन्हींचे पृष्ठभाग खरोखर एकमेकांना भिडले तर अणू-अणू जुळतात आणि दोनाचा एक तुकडा होतो. मधे गोंद नाही, डाक नाही, तिसरं काही नाही.

अडचण एकच, पण मोठी. तापलेल्या लोखंडाला हवा लागली की त्यावर लगेच काळी खपली धरते. ती मधे राहिली तर दोन तुकडे कधीच भिडत नाहीत, नुसते शेजारी बसतात. म्हणून टाकणखार वापरायचा. सोनाराकडे असतो तोच. लाल तापलेल्या लोखंडावर टाकला की तो फुगतो, मग काचेसारखा वितळतो, हवा अडवतो आणि खपली विरघळवून घेतो. पहिल्या घावासरशी तो फटीतून बाहेर उडतो आणि स्वच्छ लोखंड स्वच्छ लोखंडाला मिळतं. जुने लोहार बारीक वाळूही टाकत. मऊ लोखंड जास्त ताप सोसतं, त्यामुळे तिथं वाळूवर काम भागत असे.

आता आपल्या पूर्वजांना हा खटाटोप कशाला करावा लागला? पोलाद महाग होतं म्हणून. आख्खी कुऱ्हाड पोलादाची करणं कुणालाच परवडायचं नाही, आणि ती ठिसूळही झाली असती. मग मऊ लोखंडाची कुऱ्हाड घडवायची, तोंडाला चीर पाडायची, त्या चिरेत पोलादाचं पान बसवायचं आणि भट्टीत सांधायचं. आमच्याकडे याला सरळ 'पोलाद टाकणं' म्हणतात. दगडावर बसला तरी मऊ लोखंड धक्का पचवतं, आणि धार मात्र कडक पोलादाची. जपानी स्वयंपाकघरातल्या महागड्या सुऱ्यांत आजही हीच रचना असते: मधे कडक पोलाद, दोन्ही अंगांना मऊ लोखंड.

आणि आपल्या भागात हे काम फक्त कुऱ्हाडीपुरतं नव्हतं. तुमच्यापैकी जे विजापूरला गेले असतील त्यांनी गोलघुमट आणि मलिक-ए-मैदान तोफ पाहिली असेल. ती तोफ ओतीव आहे. पण जवळच्या उपली बुरुजावर चढलात तर तिथं एक लांबलचक तोफ पडलेली दिसेल. लांबी तीस फुटांच्या आसपास. ती ओतलेली नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या उभ्या रचून त्यांच्यावर लोखंडाची तापलेली कडी एकामागून एक चढवून, ठोकून ती बनवलीय. बीदरच्या किल्ल्याच्या बुरुजांवरही अशा घडीव तोफा आहेत. लहानपणी आम्ही त्यांच्यावर घोडा घोडा खेळलो. त्या कुणीतरी तुकडा तुकडा जोडून घडवल्यात हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. दिल्लीच्या मेहरौलीतला सहा टनांचा लोहस्तंभही असाच, मऊ लोखंडाचे गोळे तापवून एकमेकांना सांधत वाढवलेला.

इथं एक गोंधळ मात्र सोडवायला हवा, कारण भाच्याच्या खोक्यावर तो ठळक अक्षरांत छापलेला होता. 'दमास्कस' या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक, थर सांधून केलेलं पोलाद, ज्याबद्दल मी बोलतेय. दुसरं, दख्खनचं मुशीतलं पोलाद. मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि पालापाचोळा-लाकूड घालून खूप वेळ तापवायचं आणि हळूहळू निवू द्यायचं. त्याची वडी बनते. ती सावकाश घडवली की तिच्यात आपोआप पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटते. सांधा नाही, घडी नाही. तेलंगणातलं कोनसमुद्रम हे गाव अशा पोलादासाठी नावाजलेलं होतं, इराणचे व्यापारी तिथून वड्या नेत. १७९४ मध्ये मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्या वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर रॉयल सोसायटीत निबंध वाचला. नंतर मायकेल फॅरेडेसारखा माणूस त्याच्या मागे लागला. इंग्रजांनी त्याला 'वूट्झ' म्हटलं. हा शब्द कन्नडमधल्या 'उक्कु'वरून आला असं सर्वसाधारणपणे मानतात. आमच्या गल्लीतले कन्नड शेजारी आजही पोलादाला उक्कुच म्हणतात. मराठीतला पोलाद फारसीतून आला आणि इंग्रजीतला वूट्झ आमच्या शेजारघरातून गेला, ही गंमत मला या वयात कळली.

थर सांधलेलं पोलाद पुढे मागे पडलं. कारखान्यात एकसारखं चांगलं पोलाद मिळायला लागल्यावर कोण कशाला सांधत बसेल? १९७३ साली अमेरिकेत बिल मोरन नावाच्या लोहारानं अशा सुऱ्या सुरी बनवणाऱ्यांच्या प्रदर्शनात मांडल्या आणि जगभरच्या हौशी लोकांना त्यांचं पुन्हा वेड लागलं. तात्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "तिकडं सुरू झालं तवा इकडं बंद पडत होतं."

बंद का पडलं? ट्रकच्या पाट्यांमुळे. मालट्रकच्या कमानीचे मोडके पाटे भंगारात मिळायला लागले. ते आख्खे चांगल्या पोलादाचे असतात. पाटा कापा, घडवा, पाणी द्या, कोयता तयार. लोखंड आणि पोलाद जोडायची भानगडच नाही. आज ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या हातातले बरेचसे कोयते असेच बनतात. तात्यांना याचं अजिबात वाईट वाटत नाही. "पाटा आला ते बरंच झालं. कोयता स्वस्त झाला आन् मोडंना झाला." त्यांनी शेवटचं पोलाद टाकलं त्याला तीस वर्षं तरी झाली असतील.

मग आम्ही त्यांना हे पुन्हा करायला का लावलं?

कारण आमच्या घरी आजोबांची कुऱ्हाड होती. ती तात्यांच्या वडिलांनीच केलेली. दांडा बसतो ते नेढं फुटलेलं, धारेचं पोलाद झिजून संपलेलं. माझा भाऊ गावात, मी बाहेर. आजोबांच्या मागे त्यांची म्हणावी अशी हीच एक वस्तू उरलेली, आणि गेली पंधरा वर्षं ती कोण नेणार यावर आम्ही दोघं बहीण-भाऊ हसत हसत भांडत आलोय. हसत हसतच, पण भांडणच. भाच्यानं सुचवलं की या लोखंडाच्या पोटात नवं पोलाद घालून दोन सुऱ्या करू, एक एका घरी. भावानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. कुऱ्हाड एकच होती. सांधा फसला, लोखंड जळलं, तर कुऱ्हाडही नाही आणि सुरीही नाही.

तात्या म्हणाले, "आधी भंगारावर करू. हात विसरला असंल."

भंगारावर करायचं तर भाच्याला सात थर हवेत. तात्यांच्या पेटीतून चार जुन्या कानशी निघाल्या. कानस म्हणजे भरपूर कार्बन असलेलं पोलाद. ते ग्राइंडरला लावून बघायचं. ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटल्या तर कार्बन जास्त, नुसत्या लांब रेघा निघाल्या तर मऊ लोखंड. लाकडाच्या वखारीतून आऱ्याचं मोडकं पातं आणलं. अशा काही पात्यांत निकेल असतं. कानस आणि पातं असे एकाआड एक थर रचले, कोपरे वेल्डिंगनं टाचले, धरायला मागे सळई जोडली आणि ती थप्पी भट्टीत घातली. भट्टीला आता विजेचा पंखा आहे. भाच्यानं तो पूर्ण सोडला. दहा मिनिटांत थप्पी पिवळी झाली. तात्यांनी ती ऐरणीवर घेतली आणि ठोकली.

गार होताना पात्याच्या अंगावर एक काळी सावली दिसली. बाकीचं लाल असताना तेवढाच भाग आधी काळा पडत होता. तात्यांनी मान हलवली. जिथं सांधा बसलेला नसतो तिथं आतली धग वरच्या थरापर्यंत पोचत नाही, म्हणून वरचा थर लवकर निवतो. छिन्नी लावली तर थप्पी वहीसारखी उघडली. आत कानशीचे दात जसेच्या तसे होते आणि प्रत्येक खाचेत करडी-काळी खपली अडकलेली. भाच्यानं दात घासून सपाट केलेच नव्हते. त्याला वाटलं होतं, खडबडीत असलं तर जास्त चिकटेल!

दुसऱ्या दिवशी दात घासले, सगळे पृष्ठभाग आरशासारखे केले, टाकणखार टाकला. तरी कड उघडीच राहिली. तात्या वैतागले. मला म्हणाले, "बाई, हात न्हाई राहिला आता." मी काय बोलणार?

तेवढ्यात मागच्या दारातून काकी आल्या. तात्यांच्या बायको. आमच्यासाठी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी भट्टीकडे पाहिलंही नाही. कपबशा ठेवता ठेवता म्हणाल्या, "अहो, वारा कमी करा की. भट्टी किती ओरडतीय."

तात्या गप्प झाले. मग भाच्याला म्हणाले, "उठ तिथनं. तिला बसू दे."

हे आम्हाला ठाऊक असायला हवं होतं. लोहारकामाचं चित्र काढलं की आपण ऐरण, हातोडा आणि पुरुष काढतो. भात्यावर कोण असतं? आमच्या गावात कायम बाईच असायची. घिसाड्यांच्या पालावर तर बायका घणसुद्धा घालतात, तुम्ही रस्त्याकडेला पाहिलं असेल. काकी लग्न होऊन आल्या तेव्हापासून पंखा येईपर्यंत भात्यावर बसल्या. पोलाद टाकताना तात्यांच्या हातात हातोडा होता, पण आग काकींच्या हातात होती. पंखा आला तेव्हा कष्ट गेले म्हणून त्या खूश झाल्या. सगळेच झाले. त्यांच्याबरोबर काय उठून गेलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पोलाद टाकायचंच बंद झालं होतं.

काकींनी पंख्याची झडप जवळजवळ बंद केली. दगडी कोळसा बाजूला ओढायला लावला आणि बाभळीचा कोळसा टोपलीभर ओतला. ढीग चांगला उंच झाला. थप्पी वाऱ्याच्या तोंडापाशी होती, ती त्यांनी वर, ढिगाच्या मधोमध सरकवली. भाच्यानं विचारलं, "काकी, असं का?" त्या म्हणाल्या, "वारा कोळशाला लागावा, लोखंडाला लागू नये."

मला वाटतं, या विषयावरची जाडजूड पुस्तकं वाचून जे समजेल ते या एका वाक्यात आहे. जास्त वारा म्हणजे जास्त उष्णता, हे खरं. पण कोळशानं न वापरलेली हवा लोखंडापर्यंत पोचली तर ती लोखंडालाच जाळते, खपली धरवते. कोळशाचा थर जाड असला आणि वारा मवाळ असला तर हवेतला सगळा प्राणवायू वाटेतच कोळशात संपतो. लोखंडाला फक्त धग मिळते. दगडी कोळशातलं गंधकही सांध्याला वाईट, म्हणून बाभळीचा कोळसा.

मग त्या बसून राहिल्या. आम्हाला घाई. थप्पी वरून पिवळी दिसत होती. तात्यांनी सांडशी उचलली. काकी म्हणाल्या, "थांबा. पोटात अजून लाल हाय." त्या लोखंडाकडे बघत नव्हत्याच. कान भट्टीकडे होता. आणखी थोडा वेळ गेला. टाकणखार पाण्यासारखा पातळ होऊन अंगावर चकाकायला लागला, तसं त्या म्हणाल्या, "घ्या."

आता गंमत बघा. लोखंड तापलंय तोवर घाव घालावा असं आपण म्हणतो, आणि सोनाराचे शंभर घाव तर लोहाराचा एक असंही म्हणतो. मला वाटलं, आता तो एक घाव येणार. तात्यांनी हलकेच मारलं. अगदी दार वाजवल्यासारखं. टक, टक, टक, मधून कडेकडे. जोरात मारलं तर वरचा थर खालच्यावरून घसरतो आणि कोवळा सांधा फाटतो. आधी नुसतं भिडवायचं. टाकणखाराचे थेंब कडेनं उडाले. परत भट्टी, परत टाकणखार, परत हलके घाव. तिसऱ्या तापाला आवाज बदलला. आधी तो पोकळ, भद्द असा यायचा, आता एकसंध ठोकळ्यासारखा घट्ट आला. तेव्हा कुठे तात्यांनी भाच्याच्या हातात घण दिला.

गार होताना सावली नव्हती.

ठोकळा लांबवला, मधे कापून घडी घातली, पुन्हा सांधला. सातचे चौदा, चौदाचे अठ्ठावीस. एक कापटा कडक करून ऐरणीवर मोडून पाहिला. तुटलेल्या तोंडावर एकही रेघ नव्हती. द्राव लावल्यावर मात्र अठ्ठावीस रेघा आल्या. यात एक मजेशीर गोष्ट आहे. इतक्या तापाला कार्बन थरांमधून इकडून तिकडे पसरतो आणि जवळपास सगळीकडे सारखा होतो. निकेल मात्र जागचं हलत नाही. म्हणून निकेलचा थर चकचकीत राहतो, बाकीचा काळा पडतो. नक्षी दिसते ती यामुळे. म्हणजे आजच्या चांगल्या पोलादाच्या सुरीपेक्षा थरांची सुरी जास्त धारदार असते असं काही नाही. जुन्या काळी थर गरजेचे होते, आज ते देखणेपणासाठी आहेत. विकणारा काहीही सांगो.

तिसऱ्या दिवशी कुऱ्हाड.

भाऊ त्या दिवशी शेतावर गेला नाही. तात्यांनी पान तापवून सपाट केलं, त्याचे दोन तुकडे केले. मधे कानशीची एक पट्टी, दोन्ही बाजूंना आजोबांचं लोखंड. फक्त तीन थर. भाच्यानं नक्षीचा विषय काढला नाही. काकी आपणहून येऊन बसल्या. इथं एक सोय असते: कार्बनवालं पोलाद कमी तापाला जळतं आणि मऊ लोखंडाला जास्त ताप लागतो, पण पोलाद पोटात असल्यामुळे बाहेरचं लोखंड त्याला आगीपासून सांभाळतं. तरी एका क्षणी ढिगातून दोन पांढऱ्या ठिणग्या उडाल्या. ठिणगी उडाली म्हणजे लोखंड जळायला लागलं. भाऊ उठून उभा राहिला. काकींनी झडप बंद केली आणि त्याच क्षणी तात्यांनी ठोकळा बाहेर काढला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. टक, टक, टक.

सांधा बसला. एका टोकाला, बोटाच्या पेराएवढी जागा सोडून. ती ठिणगीची जागा होती. ते टोक कापून टाकलं तर दुसरी सुरी आखूड झाली असती. तात्यांनी ते मुठीच्या आत जाईल असं बसवलं.

पुढचं काम तुलनेनं शांत होतं. पाणी देण्याआधी सुरी लोहचुंबकाला चिकटायची थांबेपर्यंत तापवली. ७७० अंशांच्या आसपास लोखंड चुंबकाला ओळख देत नाही, त्याच्या जरा वर नेऊन थांबायचं. 'पाणी देणं' म्हणतात, पण पाण्यात बुडवली तर असली पातळ पाती तडकू शकते, म्हणून कोमट करडईच्या तेलात बुडवली. मग एका तापल्या लोखंडी ठोकळ्यावर पाठ टेकवून धारेवर गव्हाच्या काडासारखा पिवळा रंग चढेपर्यंत धरली. तेवढ्यानं काचेसारखा ठिसूळपणा उतरतो आणि धार टिकते. घासताना दोन्ही बाजू सारख्या घासाव्या लागतात, नाहीतर मधलं पोलाद धारेऐवजी गालावर निघतं. हे काम भाच्यानं दोन संध्याकाळी बसून केलं.

यातलं काही घरी करून बघावंसं वाटलं, तर आधी जाणत्या माणसाजवळ बसा. चष्मा लावल्याशिवाय भट्टीजवळ जाऊ नका, वितळलेला टाकणखार डोळ्याच्या उंचीवर उडतो. अंगात सुती कपडे असू द्या, नायलॉन नको. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा पाइप भट्टीत घालू नका, त्याचा धूर विषारी असतो. आणि 'दमास्कस' सुरी विकत घ्यायची असेल तर आधी तिची पाठ बघा.

निघायच्या दिवशी मी तात्यांच्या हातात पैसे ठेवले. त्यांनी मोजले आणि निम्मे काकींना दिले. बलुत्याच्या काळात धान्य घरी यायचं, ते घराचं असायचं. भात्याची वेगळी मजुरी कुणी काढली नसेल. काकींनी नोटा कमरेला खोवल्या आणि भाच्याला म्हणाल्या, "पुढच्या येळवशीला ये. पर येताना ती पुण्याची सुरी आणू नको."

आखूड सुरी मी घेतली. या वेळी भांडण झालं नाही. मुठीच्या आत कुठं सांधा सुटलाय ते मला ठाऊक आहे, आणि ती धार अजून टिकून आहे. वालाच्या शेंगा आता घरी मीच चिरते.